पांढरकवड्यात न दिसलेलं गाणं

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, मायले नाही. आता सांगू तरी कोणाले? माय गेली. बायको पोरीकडे नागपूरले राह्यते. केबलचा धंदा तर केव्हाच बुडाला. दुकानात मोबाइलचे कव्हर अन् चार्जर विकत बसतो. दिवसभर माणसं येतात, पण बोलत कोणी नाही. म्हणून तुमाले सांगतो — ऐका, नाही तर नका ऐकू.

सुजाता आमच्याच मोहल्ल्यातली. जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं म्हणे, तेव्हा माइक मी लावत होतो. पुढं टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पह्यली आली. पांढरकवड्याची पोरगी, अन् साऱ्या देशात पह्यली! गावानं फटाके फोडले. मीही फोडले, नाचलोही. पण माणसाच्या पोटात काय असते, ते कोणाले दिसते?

म्हणजे असं — थांबा, आधीचं सांगतो. नागपूरले निवड होती, तिथं तिले घेऊन मीच गेलतो. तिच्या बापानं, किसनकाकानं, विश्वासानं धाडलं होतं. तिथं मी गुपचूप माहं नावही टाकलं. मीही गात होतो ना! निदान मले तसं वाटे. दोन ओळी झाल्या नाही तोच मले "धन्यवाद" म्हणून बाहेर काढलं. तिले ठेवून घेतलं. मी तोंड पाडून बाहेर येतानी तिनं पाह्यलं होतं. पण गावात आल्यावर एक शब्द बोलली नाही, कोणाजवळच नाही. अन् मले राग कशाचा आला? त्याचाच. तिनं माही लाज राखली, त्याचाच! कसा माणूस आहे पाहा मी.

जिंकल्यावर मुंबईच्या कंपनीनं तिचं पह्यलं गाणं काढलं. एकच गाणं, पण व्हिडिओसकट. शूटिंगवाले इथं आले. काका कापसाच्या जिनिंगमध्ये रेच्याच्या मशीनवर कामाले होते. सरकी काढता काढता रुईची धूळ छातीत बसलेली, खोकला कायमचा. कापसाचे ते वाईट दिवस, जिनिंग बंदच पडल्यासारखी. शूटिंगसाठी उरलासुरला कापूस ओढून ढीग घातला अन् काका इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यावर बसले. पोरगी गाते, बाप पाह्यते — एवढंच त्यांचं काम. मग काय, साऱ्या गावाले सांगत फिरले, "मीही हावो बरं त्याच्यात!"

संध्याकाळी सातले गाणं पह्यल्यांदा लागणार होतं. लोडशेडिंग संपून लाइट आलती. काकाच्या दारात टीव्ही बाहेर काढला, सतरंज्या घातल्या, सारा मोहल्ला जमला. मी माह्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये एकटा; साऱ्या गावाले चॅनल तिथूनच जात. गाणं सुरू झालं. तिचा आवाज आला — अन् मी त्या चॅनलच्या डब्ब्याची वायर उपटली.

चुकून हात लागला, असं नाही. मी उपटली.

गावभर टीव्हीवर मुंग्या. थोड्या वेळानं काका स्वतः आले, धापा टाकत. "काय झालं बा गजू?" म्हटलं, "व्होल्टेजनं डब्बा जाळला, काका. नागपूरले न्या लागते." मले वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "होते बाप्पा, त्याले तू तरी काय करशील? जेवला का नाही?"

दुसऱ्या दिवशी वायर जोडली असती तर भागलं असतं. पण जळलेला डब्बा एका दिवसात नागपूरहून कसा येईल? लोक विचारतील ना! म्हणून बंदच ठेवला. काका रोज संध्याकाळी येत, स्टुलावर बसत. "आला का रे डब्बा?" — "नाही ना काका." डब्बा तिथंच होता, पोत्याखाली, त्यांच्या पायापाशी. रोज ठरवो, उद्या जोडतो. रोज भ्यायलो. शेवटी जोडला, तोवर चॅनलनं ते गाणं दाखवणंच सोडलं होतं. चाललं नाही बिचारीचं. बाजारात नुसती कॅसेट आली. कॅसेटीत तोंड कुठं दिसते? तरी काका येऊन बसत. "एखाद्या वेळी लावतील," म्हणत. मी त्यायले चहा पाजत होतो. दुसरं काय करत होतो?

उन्हाळ्यात काका गेले.

काकाच्या नावानं पुण्यानुमोदन ठेवलं, त्या दिवशी सुजातानं मले मांडवामागं बोलावलं. पांढरी साडी, डोळे सुजलेले. "गजूदादा, खरं सांगा. बाबानं माहं गाणं पाह्यलं होतं का? फोनवर विचारलं का ते विषयच बदलवत."

सांगायची तीच वेळ होती. ती अन् मी, तिसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "पाह्यलं ना. माह्याच इथं बसून पाह्यलं. स्वतःले पाहून लय हसले."

तिनं माहे दोन्ही हात धरले अन् ढसाढसा रडली.

आता ती गावोगावी कार्यक्रम करते. मागं यवतमाळले होता, मी एकटाच गेलतो. शेवटी ते गाणं म्हणायच्या आधी ती थांबली अन् लोकायले म्हणाली, "हे गाणं माझ्या बाबांनी पाहिलं, पोटभर हसले, आणि मगच गेले." साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.