जाऊबाईंचा निळा पडदा

माझी धाकटी जाऊ वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. भांडखोर असती तर चार नातेवाइकांत तिला नावं ठेवता आली असती. ती बोलते कमी, डबा उभ्यानंच खाते, वायरी गुंडाळून त्यांना चिठ्ठ्या लावते. सासूबाईंना तिचं कौतुक केल्याशिवाय घास उतरत नाही. लग्नानंतर वर्षभरात ती नोकरीलाही माझ्याच खात्यात आली. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट पाहिली, पण दहावा दिवस काही उजाडेना.

आमच्या कंपनीत कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरवर आणणारं कार्ड बनतं. ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, गेली अकरा वर्षं मी लिहिते. प्रत्येक चित्राआधी कॅमेरा एक इशारा पाठवतो, नवं चित्र इथून सुरू. हा इशारा, म्हणजे सिंक, चुकला की चित्र फाटतं, घरंगळतं. यंदाचं कार्ड ऑपरेशन थिएटरात जाणार होतं, म्हणून सिंक गेल्यावर काय करायचं तो भाग साहेबांनी आम्हा दोघींनाही वेगवेगळा लिहायला सांगितला. अकरा वर्षांनी परीक्षा, तीही जावेबरोबर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी शेवटचं चांगलं चित्र पडद्यावर धरून ठेवलं. तिनं पडदा निळा करून वर 'सिग्नल नाही' लिहिलं. चाचणीला नेहमीसारखा भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता लावला, कॅमेरा त्यावर रोखला आणि साहेबांनी कॅमेऱ्याची वायर काढली. तिचा पडदा निळा पडला. माझ्या तक्त्याची रेघही हलली नाही. साहेबांनी माझा भाग निवडला. तिचं तोंड उतरेल म्हणून मी टक लावून बघत होते, ते काही उतरलं नाही. घरी ही बातमी मी सासूबाईंना दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. माझा ड्रायव्हर चालू करून तिनं वायर काढली आणि कॅमेऱ्यासमोर हात हलवला. पडद्यावर नुसता तक्ता. हाताचा पत्ता नाही.

"ताई, तक्ता मुळात हलतच नाही, म्हणून आपल्याला कळलं नाही," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर पडद्याकडे बघून कात्री चालवणार. कात्री पुढे गेली तरी इथे ती जागच्या जागी दिसेल. कार्ड उद्या जातंय. मी साहेबांना काही बोलले नाहीये, तुम्हीच सांगा."

खरं सांगते, त्या रोग्याच्या आधी मनात आलं ते एवढंच, की हेही हिलाच कसं दिसलं.

आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तिचा भाग घालायला सांगितला. मग विचारलं, "लक्षात कुणाच्या आलं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ताईंच्या."

साहेबांनी सगळ्या खात्यासमोर माझी तारीफ केली. घरी तिनं सासूबाईंनाही तेच सांगितलं, आणि मी मान डोलावली.