गादीवरचा आराम

ऐका, हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. माझा गुडघा गेला तो खेळून न्हाई. आराम करून!

परळीत आमचं कापडाचं दुकान. रोज सकाळी मी व्हॉलीबॉल खेळतो, म्हणजे खेळत होतो. दिंद्रुडच्या टीमसंग सामना ठरला आन् माझा डावा गुडघा ठणकायला लागला. त्या लोकांनी आमाला दरसाल धुतलेलं. यंदा शेवटचा पॉइंट आपल्या हातानं मारायचा, एवढीच इच्छा होती.

मग ठरवलं, आराम म्हणजे आराम. खेळ बंद, चालणं बंद. आजोबापासून चालत आलेल्या दुकानाच्या गादीवर सकाळी मांडी घातली की शटर पडेपर्यंत सोडायची न्हाई. चहा गादीवर, डबा गादीवर. वरच्या फळीवरचे तागे आमचा नोकर बालाजी शिडी चढून काढणार, मी निस्ता भाव सांगणार. हा बालाजी आमच्या टीमातबी होता, पण राखीव.

बायको म्हणाली, "अहो, उठून जरा फिरा की. पाय आखडंल."

"खेळाडूचा आराम तुला काय कळतोय?" मी म्हणालो.

दुखणं वाढतच गेलं. गादीवरून उठताना भिंत धरायची पाळी आली. मग मी काय केलं? आराम वाढवला. आता ह्याला काय म्हणावं तुमीच सांगा.

शेवटी वैतागून अंबाजोगाईला डॉक्टरकडं गेलतो, बायको संग होतीच. डॉक्टरनं पाय वाकवून बघितला आन् विचारलं, आराम कसा करता? मी तपासायच्या टेबलावरच ऐटीत मांडी घालून दाखवली.

डॉक्टर म्हणाले, "गुडघा दिवसभर दुमडून ठेवता, त्याला आराम म्हणता? खुर्ची घ्या. मधून मधून उठून फिरा. मांडीला ताकद येईल असा व्यायाम करा."

बायको परळी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं राव.

सामन्याला मी मैदानाच्या कडंला खुर्ची टाकून, पाय लांब करून बसलो. जीव तुटत होता. माझ्या जागी बालाजी. शिडी चढून चढून गड्याच्या पायात अशी ताकद आलती की जाळीच्या वर कमरंपर्यंत दिसायचा. शेवटचा पॉइंट त्यानंच मारला. दिंद्रुडवाले पैल्यांदा हरले.

घाम पुसत तो माझ्याकडं आला, वाकून पाया पडला.

"मालक, तुमी बसलात म्हणून जिंकलो बगा."

बायको शेजारीच उभी होती. आता मात्र ती पोट धरून हसली.