मुदत नसलेलं बुलेटिन

उदगीरची शरणम्मा मनानं मोठी. दुष्काळात तिनं परड्यातला आड सगळ्या गल्लीला मोकळा केला. पण अपमान पचवणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि मला विचाराल तर ते बरंच होतं.

नवरा संगप्पा रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेल्यावर तिनं दुकान चालवलं, परीक्षा देऊन हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, लायसन काढलं. रेडिओला कॉम्प्युटर जोडायचा, बुलेटिन लिहायचं, की ते एका हौशी माणसाच्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्रात उड्या मारत जायचं. गावापुरतं की देशभर, हे वर टाकलेल्या पत्त्यावर ठरे. शरणम्मानं लिहिलं, 'आमच्या आडाला पाणी आहे, घागरी घेऊन या,' आणि उदगीरऐवजी पत्ता पडला सर्व भारत!

अशी चूक खासगीत सांगायची, चारचौघांत नाही, ही हॅम मंडळींची रीत. नांदेडचा शेषेराव नवख्यांना हीच रीत शिकवायचा. त्यानंच देशभर बुलेटिन सोडलं: 'उदगीरची बाई काश्मीरला पाण्याला बोलावून राहिली. बायांनी चूल सांभाळावी.' मद्रासपासून दिल्लीपर्यंत लोक हसले. तिचं नाव निघालं की कुणीतरी घागरीचं विचारायचंच. शरणम्माच्या अंगाची लाही लाही झाली.

"थांब लेका," ती पडद्याकडं बघून म्हणाली, "तुझीबी घागर येईल माझ्या आडाला."

ती रात्रंदिवस यंत्राची विद्या शिकत राहिली, आणि तिचं यंत्र त्या भागातला मोठा टप्पा झालं. पुढे नांदेडची बुलेटिनं तिच्याच यंत्रातून बाहेर जाऊ लागली, आणि प्रत्येक बुलेटिन वाचल्याशिवाय ती पुढं सोडत नसे.

तेवढ्यात नव्या जिल्ह्याची हूल उठली. उदगीर होणार की किनवट, पारापारावर तेच. शेषेराव मूळचा किनवटचा. त्यानं तावातावानं लिहिलं, अमक्या पुढाऱ्यानं जिल्हा विकला, आणि पाठवलं देशभर. हॅमच्या रेडिओवर राजकारण म्हणजे लायसन गेलंच. डोकं थंड झाल्यावर त्याचा फोन आला.

"अक्का, तेवढं पुढं सोडू नका. पाया पडतो."

"अडवलंय मी. पण फुकट न्हाई."

"काय पाहिजे?"

"माफी. पत्ता सर्व भारत. पाणी वाटणाऱ्या बाईला मी हसलो, असं लिहायचं."

"खासगीत मागतो की, अक्का!"

"हसताना खासगीत हसला होता का?"

माफी आली. शरणम्मानं ती शब्द न शब्द वाचली, पुढं सोडली, आणि मगच जिल्ह्याचं बुलेटिन पुसलं. तिला लई गोड वाटलं, आणि ते तिनं कुणापासून लपवलं नाही.

आता नवख्यांना तीच शिकवते: पत्ता बघा, भांडू नका, जुनं झालं की पुसा. दर सोमवारी ती स्वतः यंत्रातली बुलेटिनांची पेटी झाडून काढते. परवा नवी आलेली महादेवी म्हणाली, "अक्का, हे एक लई जुनं राहिलंय बघा. नांदेडचं, माफीचं. पुसू का?"

"हात लावू नको," शरणम्मा म्हणाली. "आड आटला तरी ते ऱ्हाणार."