व्यापाऱ्यासमोरचा राग

कॅम्प दोन या वस्तीत माझा जीन्स शिवायचा कारखाना आहे. एका मशीनपासून मी तो उभा केला, कुणाच्या ओळखीवर नाही. त्यामुळे आमचा कटिंग मास्टर ऐन सीझनमध्ये न सांगता यायचा बंद झाला, तेव्हा मी गल्लीभर बोंबलत फिरलो. माणसाला मोठं करा, की तो असा अडचणीत टाकून जातो. एक फोन तरी करायचा त्याने, असं मला अजूनही वाटतं.

तो का गेला, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. व्यापारी माल परत करायला आला, की मालकाने त्याच्यादेखत आपल्याच कारागिरावर तुटून पडायचं. कारागीर मान खाली घालतो, व्यापाऱ्याला दया येते, माल राहतो. नंतर मालक-कारागीर दोघं हसतात. मास्टर आणि मी हे कित्येकदा केलं होतं.

त्या दिवशी पँटचे पाय वाकडे निघाले होते. वेळ वाचवायला कापडाचे जास्त थर एकदम कापायला मीच सांगितलं होतं. खालचे थर सरकतील, असं तो म्हणालाही होता. व्यापाऱ्याने पँट टेबलावर आपटली. "साईं, ये क्या है?"

मी सुरू झालो. "डोळे फुटले का रे तुझे? फुकटचा पगार खातोस?"

मास्टरने नजरेने दार दाखवलं. दारात त्याची कॉलेजात जाणारी मुलगी डबा घेऊन उभी होती. मला ती दिसली. पण व्यापारी विरघळत होता. मी आवाज आणखी चढवला. माल राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मास्टर आला नाही. कटिंग अडली, ऑर्डरी रखडल्या, तेव्हा मी बुवापाड्याला त्याच्या घरी गेलो. दार मुलीने उघडलं.

"पगार वाढवतो म्हणावं," मी उंबऱ्यातूनच म्हणालो.

"काका, ते नाटक असतं असं पप्पा म्हणाले."

"नाटकच ते!"

"मग एकदा उलटं करा ना. तुम्ही मान खाली घाला."

मी चिडलो. कालची पोरगी मला शिकवणार? पण परत जायला पाय वळेनात. तिथेच व्यापाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. "सेठ, वो कटिंग की गलती मेरी थी. मास्टर ने मना किया था."

तो हसला. "तो फिर माल वापस भेजूं?"

"भेजो," म्हणालो.

मास्टर आतून बाहेर आला. "सोमवारी येतो. पण कटिंग कशी करायची ते मी ठरवणार."

"सीझनपुरतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. इतकं शरमल्यासारखं मला व्यापाऱ्यांच्या शिव्या खातानाही झालं नव्हतं. मी खाली वाकून चपला शोधायला लागलो आणि म्हणालो, "नाही, कायमचं. तू म्हणशील तसं."