बिनतारी फ्लॅश आणि धोंडबाकाकांचा संशय

छत्तीसगडातल्या भिलाई-3 च्या आमच्या गल्लीत धोंडबाकाका दोन गोष्टींसाठी ओळखले जातात. एक म्हणजे ते लग्नाचे फोटो काढतात, आणि दुसरं, ते कशावरच विश्वास ठेवत नाहीत. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेला माणूस. उभी नोकरी तारा तपासण्यात गेली. तार धड असली की सिग्नल पडतो, तुटली की अडतो, एवढं जग त्यांना समजतं. उरलेलं जग आपल्याला फसवायला टपलेलं आहे अशी त्यांची पक्की खात्री. दूधवाल्याच्या मापाकडे ते ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं माझ्या मोबाइलकडेही बघतात.

फोटोचा नाद नोकरीत असतानाच लागला. आमच्या समाजातली बरीचशी लग्नं त्यांनीच टिपली. बौद्ध लग्नात एक फोटो चुकवून चालत नाही: पांढऱ्या कपड्यांतले नवरा-नवरी आणि त्यांच्या मागे टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची काचेची फ्रेम. काकांचा फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला. उजेड समोरून जायचा, काचेवर आदळायचा आणि सरळ परत यायचा. त्यामुळे इथून अहिवाऱ्यापर्यंत कोणाचाही अल्बम उघडा, नवरा-नवरी झकास आणि बाबासाहेबांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा. लोक कुरकुरायचे. काका म्हणायचे, "काच हलकी आहे तुमची."

मग त्यांच्याच मुलीचं, प्रेरणाचं लग्न ठरलं. मुलगा राजनांदगावचा. प्रेरणानं एका संध्याकाळी चहा देता देता सांगून टाकलं.

"बाबा, माझ्या फोटोत तो गोळा नाही पाहिजे. नाहीतर त्यांच्याकडचा फोटोग्राफर येऊनच राहिला, तोच काढंल सगळे. तुमी नुसते बाप बनून बसा."

नुसतं बाप बनून बसणं काकांना झोंबलं. दोन दिवस ते तिच्याशी तुटक बोलले. शेवटी तिनंच दोन बारक्या डब्या मागवल्या. एक कॅमेऱ्यावर लावायची, दुसरी फ्लॅशच्या खाली. इकडं बटन दाबलं की तिकडं दूर ठेवलेला फ्लॅश पडतो.

काकांनी डब्या उलटसुलट करून पाहिल्या. "तार कुठी आहे याची?"

"तार नसते बाबा. वायरलेस है."

"मंग त्याले कसं समजते का मी बटन दाबलं?"

"रेडिओसारखं. हवेतून."

"हवा का आपल्या एकट्याच्या मालकीची आहे? कोणीबी ऐकंल."

प्रेरणा हसली, मीही हसलो. आम्ही दोघंही चुकलो होतो, पण ते कळायला लग्नाचा दिवस उजाडावा लागला.

सराव घरातच झाला. फ्लॅश उभा करायला काकांनी कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातून सलाईनचा स्टँड आणला. त्याच्या टोकाला फ्लॅश बांधला आणि उजेड मऊ पडावा म्हणून पुढं पांढरी छत्री खोचली. फ्रेम टेबलावर ठेवली, तिच्यासमोर नवरी म्हणून स्वतःच्या बायकोला, शेवंताकाकूंना खुर्चीवर बसवलं.

"माझ्या लग्नात एवढं कोणी पाहालं नाही माह्याकडे," काकू म्हणाल्या.

"हालू नोको."

पहिल्या फोटोत अर्ध्या काकू उजेडात आणि अर्ध्या काळोखात. फोटो कात्रीनं कापल्यासारखा. काकांचा संशय लगेच जागा झाला. "पाय, अर्धाच उजेड धाडला त्यानं. अर्धा कुठी ठेवला?"

प्रेरणानं मोबाइलवर शोधून सांगितलं की शटर फार जोरात उघडझाप करतंय, त्याचा वेग दोनशेच्या खाली आणा. आणलं. आता काकू पूर्ण दिसू लागल्या, पण गोळा होताच. मग काकांनी स्टँड सरकवत सरकवत पार भिंतीपाशी नेला. फ्लॅश उंच आणि तिरपा केला, म्हणजे उजेड काचेवरून घसरून कॅमेऱ्याकडे न येता दुसरीकडेच निघून जाईल. बटन दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाबासाहेबांचा चेहरा आला. चष्म्यासकट, स्वच्छ.

 काका उठून फ्रेमपाशी गेले, काचेवर बोट फिरवलं आणि मुलीला विचारलं, "काच बदलली का तू?"

लग्न सेक्टर 10 च्या एका भवनात होतं. काकांनी स्टेजच्या डाव्या बाजूला आपला स्टँड रोवला. येणारा प्रत्येक पाहुणा तिथं थबकायचा. काकांची थोरली बहीण भीमाबाई तर घाबरूनच आल्या.

"कोनाले लावून राहिले सलाईन?"

"कोनालेच नाही, अक्का. फोटोचं आहे ते."

"मंग छत्री कायले? गळते का इथं?"

नवऱ्याकडचा फोटोग्राफर प्रफुल नावाचा पोरगा होता. केसांना जेल, कंबरेला दोन पट्टे. त्यानंही उजव्या बाजूला स्टँड लावला. त्याच्या फ्लॅशखाली हुबेहूब तसलीच डबी बघून काकांचे डोळे बारीक झाले.

येणाऱ्या पाहुण्यांचे बरेच फोटो काकांनी काढले आणि वंदना सुरू झाली. काका हात जोडून उभे. कॅमेरा गळ्यात, बटनापाशी बोटही नाही. आणि त्यांचा फ्लॅश फटकन पडला.

काकांनी मागं वळून पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पडला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही मोकळे हात दाखवले. मग त्यांना दिसलं की प्रफुल कॅमेरा डोळ्याला लावतो तेव्हाच हे होतं. ते सरळ आपला फ्लॅश आणि प्रफुल यांच्या मधोमध जाऊन आडवे उभे राहिले. फ्लॅश पडलाच. त्यांनी तो स्टँडवरून सोडवून काखेत दाबला. काखेतही पडला. सगळा सदरा आतून उजळला आणि पहिल्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

वंदना संपताच काका प्रफुलपाशी गेले. "कावून बे, माह्या फ्लॅशवर फोटो काढून राहिला?"

"मी? काका, तुमी बटन दाबता तर माझा पडते. मेरा हर फोटो सफेद आ रहा है. मले वाटलं तुमीच मुद्दाम करून राहिले."

"मी कायले करू? पोरगी माझी आहे."

दोघं एकमेकांच्या डबीकडे चोराच्या मुद्देमालासारखं बघत राहिले. मग प्रफुलनंच कपाळावर हात मारला. दोघांच्या डब्या एकाच कंपनीच्या. कंपनीतून निघताना सगळ्यांचा चॅनल एकच ठेवलेला असतो, आणि तो बदलायचा असतो हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणून याचं बटन दोन्ही फ्लॅश पाडत होतं आणि त्याचंही.

"मी एकवरच राहतो, तुमी बदला," प्रफुल म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाठ केली आणि तळहाताचा आडोसा धरून आपल्या दोन्ही डब्यांचा चॅनल बदलला. "मी कोणता लावला ते विचारू नोको," त्यांनी बजावलं.

हार घातले गेले, शपथा झाल्या. काकांनी मुलीचे चार-दोन फोटो काढले, गोळा एकातही नव्हता. मग घरच्यांच्या फोटोची वेळ आली. नवऱ्याचे वडील मारोतराव कोट ओढून उभे राहिले. शेवंताकाकू, भीमाबाई, सगळे रांगेत. प्रेरणाच्या शेजारी एक जागा मोकळी.

"बाबा, वर या."

"मंग फोटो कोण काढंल?"

"प्रफुलभाऊ काढतील."

प्रफुल खाली मान घालून फ्लॅशची झाकणं उघडत होता. "काका, माझे सेल बसले. तुमच्या फोटोले बी माझाच पडत होता ना. दुसरे आणले नाही. कॅमेऱ्यावरचा छोटा मारू का?"

छोटा म्हणजे समोरून, आणि समोरून म्हणजे काचेवर गोळा. प्रेरणाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथं गळालं. काका खाली राहून फोटो काढते, तर फोटो स्वच्छ आला असता, पण त्यात बाप नसता. स्वतःचा कॅमेरा त्यांनी आजवर काकूंच्याही हातात दिलेला नाही, त्यामुळे तो मार्ग बंदच होता. मारोतरावांनी घड्याळ पाहिलं. सगळं स्टेज काकांकडे बघत होतं.

काका प्रफुलजवळ गेले. आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग एटीएमचा पिन सांगावा तसं त्याच्या कानात पुटपुटले, "तीन."

प्रफुलनं आपली डबी तीनवर केली.

"एक टाकून दाखव."

काकांचा फ्लॅश पडला. काकांनी स्वतः स्टँडचा कोन पुन्हा तपासला, आपल्या कॅमेऱ्यावरची डबी काढून खिशात घातली आणि स्टेजवर चढले. प्रफुलनं फोटो काढला.

प्रेरणा साडी सावरत खाली आली आणि तिनं प्रफुलच्या कॅमेऱ्यात आधी फोटोतली फ्रेमच मोठी करून पाहिली. "बाबा, गोळा नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत बाकीचा फोटो बघू लागली. सगळे समोर बघून हसत होते. काका तेवढे मान वळवून डावीकडे, आपल्या फ्लॅशकडे बघत होते. जणू तो कोणी उचलून नेतंय.

"तिकडे कावून पाहून राहिले तुमी?"

"दुसऱ्याच्या हाती दिला होता. नजर ठेवा लागते."

"म्हणजे हा फोटो प्रफुलभाऊचा झाला."

"बटन त्यानं दाबलं," काका म्हणाले. "उजेड माझा आहे."

पंगतीत बसण्याआधी त्यांनी भिंतीकडे तोंड करून चॅनल पुन्हा बदलला. कोणता ठेवला, ते काकूंनाही माहीत नाही.