फितीमागचं पाणी

देगलूरच्या बसस्टँडवरच्या हॉटेलात पाणी भरण्यात पंचफुलाबाईची वीस वर्षं गेली. यंदा पारा चव्वेचाळीसवर गेला आणि पुढाऱ्यांनाही माणुसकी सुचली. पाणपोई उभी राहिली, रांजण भरायला पंचफुलाबाईला बसवलं, पुढं लाल फीत बांधली. उद्घाटक साहेब मात्र दोन तास गार गाडीत बसून 'वाटेवर' होते.

तेवढ्यात एक म्हातारा उन्हानं भोवंडून फितीपाशीच कोसळला.

"मावशे, साहेब येईस्तोवर थेंब द्यायचा न्हाई," कार्यकर्ता गुरकावला.

तिनं फीत सोडली, म्हाताऱ्याचं डोकं भिजवलं, घोटघोट पाणी पाजलं. त्यानं डोळे उघडले.

"आता साहेब कापतील काय?" कार्यकर्ता रडकुंडीला आला.

"गाठ मारून ठिवा की. त्येंना फीत लागती, पाणी न्हाई."