व्हेनिसच्या ऑपेरात 'वन्स मोअर'

सोमवारी सकाळी सव्वानऊला मेल आला, कोरोनामुळे इटलीतली सगळी थिएटर्स बंद. त्या मेलने माझं सगळंच बदललं... तेव्हा मात्र वाटलं, बदललं कसलं, संपलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगची युनिव्हर्सिटी मी दुसऱ्या वर्षात सोडली, ट्यूटरशी भांडून, भर क्लासमधून उठून. गेलं वर्षभर सिडनीत एका छोट्या कंपनीत आहे. पैसेवाल्या ऑस्ट्रेलियन लोकांना आम्ही इटलीला गाणं ऐकायला पाठवतो... व्हेनिसला ऑपेराचा बॉक्स, म्हणजे थिएटरातला खासगी सज्जा, फ्लॉरेन्सला एखाद्या जुन्या महालात फक्त दहा जणांसाठी मैफल. मी स्वतः इटली पाहिलेली नाही. पण 'तुमच्या खुर्चीतून स्टेज कसं दिसेल' हे फोटो बघून झकास लिहितो!

आमच्या मालकिणीचं नाव गेल. तिचा एक नियम आहे, चांगली बातमी मेलने द्यायची, वाईट बातमी फोनवर. ट्रिप रद्द झालेल्या बावीस क्लायंटची यादी तिने माझ्यासमोर ठेवली. "सगळे. आजच, मेट."

तिसऱ्याच फोनवर एक गृहस्थ म्हणाले, "तुझं इंग्लिश कळत नाही, दुसरं कुणीतरी दे." माझं डोकं सटकलं. फोन आपटला, बॅग उचलली...

आणि सानिका आठवली. सानिका वेस्टमीड हॉस्पिटलात नर्स आहे. मला ती दोन वर्षं आवडते, हे तिला माहीत आहे, आम्ही राहतो त्या अख्ख्या हॅरिस पार्कला माहीत आहे. मागच्या महिन्यात तिने तोंडावर सांगितलं होतं, "तू प्रत्येक गोष्टीतून मधेच उठतोस रे. हा जॉबही असाच सोडलास ना, तर मला फोन करू नकोस."

बॅग खाली ठेवली. त्या गृहस्थांनाच परत फोन लावून सॉरी म्हटलं. मग चौथा, पाचवा... काही ओरडले, एक आजोबा रडले. घसा बसत आला.

बाविसावं नाव हेलन. सत्तरीच्या पुढच्या, रिटायर्ड संगीत शिक्षिका. नवरा गेल्यानंतरचा पहिलाच प्रवास होता त्यांचा. मी पाठ झालेलं सॉरी म्हटलं.  त्या म्हणाल्या, "मला 'वन्स मोअर' ओरडायला सांगणारा मुलगा तूच का?"

झालं होतं असं की क्लायंटला द्यायच्या पुस्तिकेत मी एक टीप घातली होती. 'गाणं आवडलं तर संपताक्षणी मोठ्याने वन्स मोअर म्हणा, गायक पुन्हा गातात.' आमचे बाबा संगीत नाटकांचे वेडे, मला वाटलं जगभर असंच चालतं! आणि ते मी बावीसही जणांना पाठवलेलं...

"चाळीस वर्षं ऑपेरा ऐकतेय. असं कुणी ओरडत नाही," त्या म्हणाल्या. "तिकडे 'बिस' म्हणतात, तेही क्वचित." आणि हसत सुटल्या. मीही मग सांगून टाकलं, आमच्याकडे मरायला टेकलेला नायकसुद्धा उठून तेच पद पुन्हा म्हणतो, आणि नाटक तोवर थांबतं.

"मग गा की," त्या म्हणाल्या.

गेल समोरच बसलेली. तरी बाबांचं एक आवडतं पद सुरू केलं. बेसूर. अर्ध्यात शब्द विसरलो आणि थांबलो...  पलीकडून थरथरत्या आवाजात, पण पार पोटातून आरोळी आली, "वन्स मोअर!"

पुन्हा म्हटलं. या वेळी शेवटपर्यंत.

"श्वास चुकीच्या जागी घेतोस," बाई म्हणाल्या. "थिएटर उघडलं की फोन कर. बॉक्स तोच हवा मला."

कंपनी टिकेल की नाही, गेललाही माहीत नाही. पण गेल, तू मला मेलच्या मागे लपू दिलं नाहीस... थँक यू. आणि हेलनबाई, त्या दिवशी सांत्वन मी तुमचं करायचं होतं, केलंत तुम्ही माझं.

सानिकाला मेसेज टाकला, 'बावीसही केले.' तिच्या ब्रेकमध्ये उत्तर आलं, 'शिफ्ट सुटली की फोन कर.'

यादी गेलच्या टेबलावर ठेवली. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं... न आपटता.